आडनावातला मुका 'सी'

शुक्रवार, ३० मे २०२५
संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. कोबी आणि नूडल्स लोण्यात परतत होतो. ते झाकून तुला लिहायला बसलो आहे.

प्रिय मिला,

फोन करू नको, फोनवर मागून पप्पांचा टीव्ही ऐकू येतो, असं तू म्हणाली होतीस. म्हणून हे पत्र.

आज कोर्टाच्या इमारतीतल्या निवडणूक कचेरीतून पप्पांच्या नावाने एक पाकीट आलं. त्यांनी ते व्हरांड्यात उभ्या उभ्या फोडलं, वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "वाच. माझा चष्मा बिघडलाय."

मी वाचलं. "आपलं अभिनंदन. पक्षांतर्गत प्रायमरी निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षातर्फे, एल्डर्स रन गावाच्या दुसऱ्या केंद्राचा मतदान-न्यायाधीश या पदासाठी, आपण उमेदवार म्हणून निवडून आला आहात."

"परत वाच."

मी परत वाचलं. शब्द बदलले नाहीत.

आपल्या गॅरेजच्या दारावर रिपब्लिकन पक्षाचा लाकडी हत्ती अजून आहे. दर वसंतात पप्पा त्याला रंग देतात. गाढव निशाणीच्या डेमोक्रॅटिक पक्षातल्या लोकांना ते गाढववाले म्हणत नाहीत, नुसतं गाढवंच म्हणतात. अशा माणसाला गाढवांनी उमेदवारी दिली आहे. गाढवांनी म्हणजे एकाच गाढवाने. आपल्या केंद्रावर त्यांच्याकडून कुणी उभंच राहत नाही, त्यामुळे मतपत्रिकेवर नुसती रिकामी ओळ असते. त्या ओळीवर या वर्षी एकाच माणसाने नाव लिहिलं, बेसिल हुडाचेक. एक विरुद्ध शून्य. हत्तींकडून नेहमीप्रमाणे वॉल्ट ग्रेबिल आहे. केंद्राचं कुलूप वीस वर्षं तोच उघडतो, भांडणं तोच मिटवतो आणि त्या दिवसाचे दीडशे डॉलर घेतो.

पप्पा म्हणाले, "हे तिचंच काम. माझ्या दारात गाढव आणून बांधलं पोरीने."

ती म्हणजे तू. तुझं नाव अजून इथल्या मतदार यादीत आहे आणि नावापुढे तुझा पक्षही आहे. मिलवॉकीला जाऊन तुला तीन वर्षं झाली. खरं तर ते नाव तू काढून घ्यायला हवं होतंस. त्याचा अर्ज सोबत जोडला आहे, कुठे सही करायची तिथे पेन्सिलने फुली केली आहे.

मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की हे आत्ताच व्हायला नको होतं. डिसेंबरात तुला मूल होईल, आणि पप्पांनी स्वतः फोन केला तरच तू त्याला इथे आणशील, हे मी त्यांना गेल्या रविवारी सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पण सोमवारी त्यांनी तुझा नंबर मागितला, मोठ्या आकड्यांत लिहून घेतला आणि फ्रिजवर लावला. आज तो कागद तिथे नाही. लोहचुंबक आहे.

तीन वर्षांपूर्वी तू अंगणात तुझ्या पक्षाची पाटी रोवलीस, त्यांनी तिच्यावरून गवत कापायचं यंत्र फिरवलं आणि "दिसली नाही" म्हणाले. आजही कुणी विचारलं तर तेच म्हणतात. तेव्हा तू बॅग भरलीस. या वेळी तर तू इथे नव्हतीसही.

ते नाव तू लिहिलेलं नाहीस हे मला माहीत आहे. कसं माहीत, ते लिहिता येणार नाही. विचारू नकोस.

मला मे महिन्यापुरती कोर्टात नोकरी मिळाली आहे. लोकांनी मतपत्रिकांवर हाताने लिहिलेली नावं मी मोठ्याने वाचतो आणि कचेरीतल्या मिसेस पॅन्झारेला ती टाइप करतात. अकरावीत शाळा सोडलेल्याला का घेतलं म्हणून एकाने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "सहावीत हा स्पेलिंगमध्ये जिल्ह्यात पहिला आला होता. तुम्ही आला होतात का?" काम गमतीचं आहे. शेरीफच्या जागी येशू ख्रिस्ताला अकरा मतं पडली. ती मोजली जात नाहीत, तो या जिल्ह्यात राहत नाही. एकाने आपल्या कुत्र्याचं नाव लिहून पुढे कुत्र्याचा पत्ताही दिला होता. पण उजवा हात वर करून आम्ही शपथ घेतली आहे, कुणाचं अक्षर कसं दिसलं याबद्दल बाहेर बोलायचं नाही.

या नोकरीचा आणि पप्पांच्या पाकिटाचा काही संबंध नाही. हे वाक्य मी एकदा खोडून परत लिहिलं आहे.

सिरिल

ता. क. तू आपलं आडनाव लिहायचीस तेव्हा शेवटच्या 'के'च्या आधी 'सी' घालायचीस ना? तो मुका 'सी'? मीही घालतो, शाळेत तसंच होतं. पप्पा मात्र आजोबांच्या थडग्यावरच्या दगडावर आहे तसं, 'सी' न घालताच लिहितात. म्हणतात, आजोबांचं नाव खाणीत नोंदवणाऱ्या कारकुनाची चूक मी का गिरवू? सहज आठवलं.


बुधवार, १८ जून

प्रिय मिला,

मिस डोलान येऊन गेल्या. तुला आणि मला दोघांनाही त्यांनी शिकवलं आहे, आणि आता गावातल्या गाढवांच्या शाखेच्या त्या अध्यक्ष आहेत. सभासद किती, विचारलं तर "तब्येतीवर अवलंबून आहे" म्हणतात. हातात रूबार्ब घालून भाजलेला गोड 'पाय' होता, थाळीसकट.

"बेसिल," त्या म्हणाल्या, "या दिवसाची मी चाळीस वर्षांत कधीही वाट पाहिली नव्हती. तरी आलास ते बरं झालं."

"मी कुठेही आलेलो नाही. तुम्ही माझ्या दारात आलात."

"उमेदवार झालास की."

"एका मताने!"

"आमच्याकडे एवढी गर्दी बऱ्याच दिवसांत झाली नव्हती."

पप्पांनी तो 'पाय' घेतला नाही. मी घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला अर्धा नव्हता आणि मी तर खाल्ला नव्हता.

अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये बुधवारी पत्ते असतात. आज मीही गेलो होतो, घडीच्या खुर्च्यांचे स्क्रू घट्ट करायला. पप्पा आत शिरल्यावर वॉल्टने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि रेकून दाखवलं. चांगलं रेकतो तो. पप्पांच्या खुर्चीवर गाजर ठेवलं होतं, पाल्यासकट.

"बस, बसून घे, बेसिल. आता तुला उभ्याने झोपायची सवय करायला हवी."

"ते घोडे झोपतात," पप्पा म्हणाले.

"तुला बरं माहीत! घरात शिकवणी चालू आहे वाटतं."

सगळे हसले. पप्पांनी गाजर खिशात घातलं, दोन डाव खेळले आणि घरी आले. इतक्या लवकर ते आईच्या आजारपणात यायचे.

"नाव मागे घेता येतं," मी म्हणालो. "कोर्टात अर्ज मिळतो. मी आणून देतो."

"आण. आणि तिला लिही, झाली म्हणावं तुझी गंमत."

मी हे लिहिलं, कारण त्यांनी सांगितलं. माझं मत असं नाही.

सिरिल


रविवार, १० ऑगस्ट

प्रिय मिला,

नाव मागे घ्यायचा उद्याचा दिवस शेवटचा. पप्पा घेणार नाहीत.

अर्ज मी जूनमध्येच आणला होता. त्यावर नोटरीसमोर सही करावी लागते. गावात नोटरी एकच, विम्याच्या ऑफिसातली लॉरेन, म्हणजे वॉल्टची बायको. शुक्रवारी आम्ही गेलो. तिने पाच डॉलर आधीच घेतले, शिक्का काढून ठेवला आणि म्हणाली, "चला, एकदाचे माणसात या, बेसिल."

अर्जात एक ओळ आहे: 'मी, खाली सही करणारा, अमुक पक्षाचा नोंदणीकृत मतदार.' पप्पांचं पेन त्या ओळीवर थांबलं. लॉरेन बोट ठेवून दाखवत होती, "इथे लिहायचं, इथे. आता हे काय तुम्हाला सांगायला हवं?" पप्पांनी पेनचं टोपण लावलं. "आज इथे फार गर्दी आहे," म्हणाले. ऑफिसात आम्ही तिघंच होतो.

आता मी तुला काही गोष्टी सांगतो. त्या एकमेकींना जोडायच्या की नाहीत ते तू ठरव. मी जोडू शकत नाही. मी शपथ घेतली आहे.

फेब्रुवारीत फायर हॉलमध्ये आठ जणांनी बिअरवर एक बेत केला. सगळ्यांनी वसंतापुरतं गाढव व्हायचं. म्हणजे कोर्टात अर्ज भरून पक्ष बदलायचा, गाढवांच्या प्रायमरीत मत द्यायचं आणि शेरीफसाठी त्यांचा सगळ्यात कच्चा माणूस निवडून द्यायचा. मग नोव्हेंबरात आपला हत्ती त्याला सहज तुडवेल. कल्पना वॉल्टची. आठही जणांनी हात वर केले. पप्पा त्यांत होते. गेल्या आठवड्यात मी वॉल्टला त्या बेताचं काय झालं म्हणून विचारलं, तर तो पोट धरून हसला. "अरे, गंमत होती ती! कोण जातंय कोर्टात अर्ज भरायला?" पप्पा शेजारी होते. त्यांनी पत्ते उलटे धरले होते.

दुसरी गोष्ट. टपालाने मत देणं हा चोरांचा धंदा आहे, असं पप्पा अजून म्हणतात. एप्रिलमध्ये त्यांनी माझ्याकडून एक टपालतिकीट मागून घेतलं. वीजबिलासाठी, म्हणाले. वीजबिल मी भरतो, कंप्यूटरवर. आणि निवडणुकीच्या दिवशी ते गॅरेजमधून हलले नाहीत.

तिसरी गोष्ट तुला पाठच असेल. पप्पांना रिकामी जागा दिसली की त्यांचा हात आपोआप चालतो. फावडं, शिडी, बादली, बर्फ खरडायचं पातं, सगळ्यांवर त्यांचं नाव आहे. बाबागाडीवरही होतं. आई म्हणायची, मी जरा वेळ स्वस्थ बसले तर माझ्यावरही लिहील. सगळीकडे 'सी' न घालता.

एवढंच. मला रात्री झोप लागत नाही. शपथ मोडते ती कुठल्या शब्दाला, ते मी शब्दकोशात शोधलं. तिथे तसं काही दिलेलं नाही.

ते अजूनही, तूच लिहिलंस, असंच म्हणतात. पण आता म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

सिरिल


मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय मिला,

तुझं पत्र काल आलं. तू लिहिलं होतंस, "जेवताना मोठ्याने वाच." मी तसंच केलं. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी वाचलं: "पप्पांना सांग, ते मत माझं होतं. जन्मात एका तरी गाढवाने त्यांच्यावर विश्वास टाकायचा असेल तर ते घरचं असावं, असं मला वाटलं. आणि आडनाव मी 'सी' न घालता लिहिलं, आजोबांच्या दगडावर आहे तसं. त्यांना हेही सांग."

पप्पांचा घास तोंडातच राहिला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"'सी' न घालता, असं लिहिलंय?"

"हो."

"तिनेच लिहिलंय?"

"तिचंच अक्षर आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. काटा खाली ठेवून ते उठले, नळ सोडला, बंद केला आणि परत येऊन बसले. काही चावत नव्हते तरी जबडा हलत होता.

"नूडल्स गार होतायत," म्हणाले.

मी भांडी घासत असताना ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. "ती खोटं का बोलते?"

"मला माहीत नाही."

"तुला सगळं माहीत असतं. स्पेलिंगसकट."

मिला, आता त्यांना कळलं आहे की तुला कळलं आहे, आणि ते कुणामुळे कळलं हेही कळलं आहे. घरात दोन माणसं आहेत आणि दोघंही दाराचा आवाज न करता चालतात. मी आज मिसेस पॅन्झारेलांना सांगितलं, नोव्हेंबरात मी मोजायला बसणार नाही, माझ्या घरचा उमेदवार आहे. त्या म्हणाल्या, "मे महिन्यातही होता की. मी म्हटलं, एका मताचं काय एवढं." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "त्या दिवशी एक नाव वाचताना तुझा आवाज फाटला होता, पोरा. मी टाइप केलं आणि पुढचं म्हटलं. तूही पुढचं म्हण."

मला पुढचं म्हणता येत नाही. तू त्यांच्यासाठी खोटं बोललीस, की त्यांना टोचायला? मी पत्र चार वेळा वाचलं. दोन्ही अर्थ निघतात. त्यांनीही ते वाचलं असावं, कारण सकाळी ते टेबलावर नव्हतं.

सिरिल


बुधवार, ५ नोव्हेंबर
सकाळी सव्वासात. पप्पा झोपले आहेत, किंवा झोपल्यासारखे पडले आहेत.

प्रिय मिला,

पप्पा हरले. वॉल्टला २१४, पप्पांना १९५.

त्याआधीचं सांगायला हवं. गेल्या बुधवारी ते मला म्हणाले, "चल, गाडी तू चालव." फायर हॉलमध्ये खेळ चालू होता. ते बसले नाहीत. टोपी काढून म्हणाले, "माझ्या मुलीने ते नाव लिहिलेलं नाही. मी लिहिलं."

कुणाला काही कळेना. वॉल्ट म्हणाला, "कुठलं नाव?"

"माझं. गाढवांच्या कागदावर. फेब्रुवारीत आठ हात वर झाले होते. मला वाटलं, हात म्हणजे हात. मी गेलो, अर्ज भरला, टपालाने मत दिलं. शेरीफच्या पुढे त्या ठोंब्यावर खूण केली, ठरल्याप्रमाणे. खाली एक ओळ रिकामी होती."

"म्हणजे तू खरंच गेलास?" वॉल्ट म्हणाला. "बेसिल! अरे गाढवा!"

आणि सगळे हसले. मुद्दाम वाईट हसले असं मी म्हणणार नाही. वॉल्टच्या डोळ्यांत तर पाणी आलं. "पाच महिने! पाच महिने पोरीवर ढकललंस!" हे मात्र म्हटल्यावर हसणं थोडं कमी झालं. पप्पांनी भिंतीवरच्या खुंटीवरून आपला बिअरचा मग काढला. त्यावर नाव आहेच. तो कोटाच्या आत घेऊन ते बाहेर आले. कुणी थांब म्हणालं नाही. एकाने एवढंच विचारलं, "शनिवारी चिकनच्या जेवणाला येशील ना?" शनिवारी आम्ही गेलो नाही.

काल रात्री निकाल आल्यावर मिस डोलान आल्या. "एकोणीस मतं! या केंद्रात आमचं कुणी इतकं जवळ पोचलं नव्हतं, बेसिल."

"मी तुमचा नाही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर पप्पांनी फोन घेतला. खिशातल्या पैशांच्या पाकिटातून तो मोठ्या आकड्यांचा कागद काढला. म्हणजे त्यांनी तो मे महिन्यात फाडला नव्हता, फक्त फ्रिजवरून काढला होता. काल रात्री तुला फोन आला, तू "हॅलो, हॅलो" म्हणालीस आणि तो बंद झाला. तो आपल्याकडून होता. तुझा आवाज मला खुर्चीतून ऐकू आला. टीव्ही त्यांनी आधीच बंद केला होता. त्यांना बोलता आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण तू देऊ शकतेस.

मग म्हणाले, "तो खर्चाचा कागद काढ." उमेदवाराने काय खर्च केला ते कोर्टाला लिहून द्यावं लागतं. हरला तरी. मी म्हणालो, महिन्याची मुदत आहे. ते म्हणाले, "आत्ता." त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. दोन प्रती केल्या. कोर्टाच्या प्रतीत शेवटच्या दोन ओळी घालता येणार नाहीत, त्या प्रचाराच्या नाहीत, असं मी म्हणालो. म्हणाले, "मग कोर्टाला नको देऊ. तिला दे."

मतदार यादीतला आपला पक्ष त्यांनी अजून बदलून घेतलेला नाही. मी विचारलं तर म्हणाले, आता थंडीचं कोण जातंय कोर्टात.

खालच्या शेवटच्या ओळीत मी आधी 'चुकून' असं लिहिलं होतं. त्यांनी माझ्या हातातून पेन घेऊन तो शब्द स्वतः खोडला आणि वर दुसरा लिहिला. ते अक्षर त्यांचं आहे. हे सांगायला मला कुठलीही शपथ आड येत नाही.

सिरिल

खर्च
लॉरेन ग्रेबिल, नोटरीची फी, सही न करता: ५ डॉलर
मिस डोलान यांची 'पाय'ची थाळी रिकामी परत देऊ नये म्हणून अक्रोडाचा रोल: ६ डॉलर ४० सेंट
एकूण: ११ डॉलर ४० सेंट

देणं
सिरिलला, एप्रिलमधलं टपालतिकीट: ७३ सेंट
मिलाला, अंगणातली एक पाटी, गवत कापायच्या यंत्राखाली <s>चुकून</s> मुद्दाम घातलेली: १२ डॉलर. सोबत पाठवले आहेत.